रुमालाखालचा भाव

सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यात, मी मुनीम आहे आणि कॉम्प्युटरशी माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पहिला कॉम्प्युटर ऑफिसात आला तेव्हा मी म्हणालो होतो, हे डबडं एका हंगामात भंगारात जाईल. ते गेलं नाही, कारण त्याच्याजवळ सिद्धोधन बसला. तेव्हापासून आजतागायत माझ्या शेजारच्या टेबलावर तोच आहे. मी नोंद करायला उशीर केला की तो मान वर न करता म्हणतो, "मुनीमजी, तुमी एन्ट्री मारल्याबिगर गाडी काट्यावरून हलत न्हाई." दिनकरराव असं माझं चांगलं नाव आहे, पण त्यानं ते कधी वापरलं नाही.

त्याचा बाप आमच्याच जिनिंगमध्ये हमाल होता. गाठी उचलून उचलून कमरेत वाकलेला. त्याच्या हाताला हात लागू नये म्हणून मजुरी वरून टाकली जायची, हे मी लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या माणसानं पोराला शिकवलं, परभणीला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं, आणि पोरगा आला तो थेट ऑफिसात खुर्चीवर. बाबासाहेबांचा छोटा फोटो त्यानं पहिल्या दिवशी टेबलाच्या काचेखाली सरकवला. कुणी काही बोललं नाही. बोलायची सोय पण नव्हती, कारण ते डबडं दुसऱ्या कुणाला चालू करता येत नव्हतं.

सर्व्हर म्हणजे काय, हेसुद्धा मला त्यानंच समजावलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, वजनकाट्यावरचा आणि गोडाऊनमधला धरून, आपापला माल जिथं आणून टाकतात ती कोठी. कोठीला आग लागली तर घरात दाणा राहत नाही, तसं. गेल्या हंगामात ती कोठी ऐन गर्दीत बंद पडली. जिनिंगमध्ये कापसाचे बारीक तंतू हवेत उडत असतात, ते वर्षानुवर्षं पंख्यात जाऊन बसले होते. सिद्धोधन दर रविवारी रंगाच्या ब्रशनं ते झाडायचा, पण मशीनचं वयच झालं होतं. पाथरी रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि लोकांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वैजीनाथशेठ, म्हणजे आमचे मालक, गेटवर खुर्ची टाकून बसले आणि सगळ्या शिव्या त्यांनी स्वतः ऐकल्या. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "सिद्धोधन, फुडल्या दसऱ्याच्या आत नवं पायजे. काय आनायचं, कुनाकडून आनायचं, तूच बग."

मग सिद्धोधननं जे काही मांडलं, ते बघण्यासारखं होतं. त्यानं आधी मशीनचं नावच काढलं नाही. टेप घेऊन ऑफिसभर फिरला. सर्व्हरची खोली जिनिंगच्या विरुद्ध बाजूला हलवायची, तिला दोन दारं करायची, तंतू पहिल्या दारातच अडला पाहिजे. लाइट गेली तर बॅटरी, बॅटरी संपली तर जनरेटर. सगळ्या माहितीची एक प्रत शेठच्या घरी, एक गावाबाहेर. पुण्याच्या एका कंपनीनं फोनवर सांगितलं की मशीन घेऊच नका, सगळं क्लाउडवर टाका. क्लाउड म्हणजे ढग, हे कळल्यावर मी म्हणालो, आमच्या मराठवाड्यात ढगावर भरवसा ठेवून आजवर कुणाचं भलं झालंय? सिद्धोधन हसला. पण त्याचं कारण वेगळं होतं. रस्ता खोदायला घेतला की आमच्याकडं इंटरनेटची वायर तुटते, आणि काट्यावरची गाडी वायर जोडायची वाट बघत उभी राहू शकत नाही.

शेवटी त्यानं अटी लिहिल्या. हंगामात मशीन बंद पडलं तर व्हेंडरचा माणूस किती लवकर येणार, हे त्यात सगळ्यांत वर. आणि त्याच्याखाली दंड. जितका वेळ काटा बंद, तितक्या वेळाचं नुकसान व्हेंडरनं भरून द्यायचं, पाच वर्षं. मी म्हणालो, अरे, हे फार कडक आहे, कुणी सही करणार नाही. तो म्हणाला, "शेठनं गेटवर बसून शिव्या खाल्ल्यात मुनीमजी. परत खाऊ द्यायच्या न्हाईत."

आता घरचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे. सिद्धोधनची बायको सुकेशनी अंगणवाडीत होती. दोन्ही मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तो तिला रेल्वेनं परभणीला डायलिसिसला न्यायचा. सकाळच्या गाडीनं जायचं, मशीनला लावून बसायचं, परतीच्या गाडीला गर्दी असली तर तिला दाराजवळ पिशवीवर बसवायचं. आल्यावर ती दिवसभर पडून राहायची. मुलगी नाही, एकच मुलगा, बुद्धभूषण. तो पुण्याला. दोन मित्रांना घेऊन त्यानं छोटी कंपनी काढली होती, लोकांच्या ऑफिसांत सर्व्हर बसवून द्यायची. बापाचाच धंदा म्हणा ना. सुकेशनीचं एकच मागणं होतं, आणि ती ते प्रत्येक फोनवर मागायची. "भूषण, तू घरी ये बाबा. मला दुसरं काही नको."

आमच्याकडं नवा सर्व्हर येणार हे भूषणला कळलं, आणि त्यानं आईला शब्द दिला. हे काम मिळालं की तो सेलूला येणार. इथंच दुकान टाकणार, मानवत, पाथरी, परभणीच्या जिनिंग धरणार, आणि आईला गाडीत घालून डायलिसिसला नेणार. सुकेशनीनं त्याच आठवड्यात मागची खोली सारवून, पांढरी करून घेतली. स्वतः उभी राहू शकत नव्हती, तर खुर्चीत बसून बायांना सांगत होती.

पोरगाही भाव देणार हे कळल्यावर सिद्धोधन दुसऱ्याच दिवशी शेठकडं गेला. मी होतो तिथं. तो म्हणाला, "शेठ, भाव देनाऱ्यात माझा पोरगा हाय. मला यातून सोडा."

इथं आमच्या शेठची एक रीत सांगितली पाहिजे. सरकी असो, प्लॉट असो की ट्रक, मोठा सौदा ते तोंडानं करत नाहीत. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातावर टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा. जुन्या मोंढ्यातली पद्धत आहे. सरकारनं ती बाजारात केव्हाच बंद केली, उघड लिलाव आणले, पण शेठच्या बैठकीत ती राहिली. तिचे दोन कायदे. रुमालाखाली जो आकडा झाला तो तिसऱ्याला सांगायचा नाही, मरेपर्यंत. आणि हात मागे घेऊन 'जमलं' किंवा 'जमलं नाही' म्हटलं की संपलं, त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही. ही बोटं शेठनी सिद्धोधनला फार पूर्वीच शिकवली होती, कारण शेठच्या पोरांना त्यात रस नव्हता. आणि आता अर्धांगाच्या झटक्यानं शेठचा उजवा हात मेला होता.

"पोरगा हाय म्हनूनच तू बस," शेठ म्हणाले. "दुसऱ्या कुनावर मी इश्वास ठेवू? तूच माझा हात."

ज्याच्या बापाच्या हाताला कुणी हात लावला नाही, त्याचा हात आता शेठचा हात होणार होता. बाहेर आल्यावर तो नळावर बराच वेळ हात धूत होता.

सौद्याच्या दिवशी तिघं आले. पुण्याच्या कंपनीचा साहेब टाय लावून आला होता. त्याला रुमाल दाखवल्यावर तो माझ्याकडं असा बघायला लागला, की जणू मी त्याला जादू करायला बसवतोय. त्याला बोटं येत नव्हती, म्हणून त्यानं मोबाइलवर आकडा टाइप करून मोबाइल रुमालाखाली सरकवला. शेठना हसू आवरेना. सिद्धोधननं पाहिलं आणि हात मागे घेतला. "जमलं न्हाई, शेठ." साहेबाला चहा पाजून वाटेला लावलं. दुसरे नांदेडचे, वयस्कर, धंद्यात मुरलेले. त्यांच्या वडिलांचं बैलबाजारात आयुष्य गेलेलं, त्यामुळं त्यांनी रुमाल बघताच बाही वर केली. थोडी ओढाताण झाली. सिद्धोधन म्हणाला, "जमन्यासारखं हाय. एकाचं राहिलंय, ते बगू द्या."

मग भूषण बसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बापासारखाच चेहरा. कागद त्यानं आधी दिले होते आणि खरं सांगायचं तर त्याचेच सगळ्यांत चांगले होते. हंगामात मशीन बंद पडलं तर नांदेडचा माणूस रेल्वे बघून येणार, हा सायकलवर येणार. शेठनाही ते आवडलं होतं. बापानं लहानपणी पोराला हीच बोटं शिकवली होती, टॉवेलखाली हात घालून दोघं बोरांचा भाव करायचे, हे मी त्यांच्या ओसरीवर बसून पाहिलेलं. त्यामुळं मला वाटलं, चला, हे आता घरातलंच काम आहे.

रुमाल टाकला. खाली बोटं हलली. सिद्धोधनच्या कपाळावर आठी पडली. परत हलली. भूषणनं मान हलवली, नाही. परत. एवढा वेळ मी कुणाचा सौदा चाललेला पाहिला नाही. भूषणच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो हसायचा प्रयत्न करत होता. मग सिद्धोधननं हात मागे घेतला, रुमाल घडी करून शेठच्या मांडीवर ठेवला आणि खाली बघून म्हणाला, "जमलं न्हाई, शेठ. नांदेडवाल्यांना द्या."

शेठ त्याच्याकडं बघत राहिले. पण रीत ती रीत. त्यांनी मान डोलावली.

भूषण उठला, शेठच्या पाया पडला, बॅग उचलली. गेटपर्यंत बाप मागे गेला. मी पण गेलो, मला राहवलं नाही. गेटवर पोरगा थांबला आणि म्हणाला, "तुमाला परकाच मानूस निवडायचा होता, तर आधी सांगायचं होतं ना बाबा. मी आईला आशा लावली नसती."

पोरगा स्टेशनकडं चालत गेला.

मला त्या दिवशी सिद्धोधनचा इतका राग आला की मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. माणसानं प्रामाणिक असावं, पण किती? पोराला काम दिलं असतं तर कुणी नाव ठेवलं असतं? लोक उलट त्याचं कौतुक करायला लागले. स्वतःच्या पोराला नाही म्हणाला, असा माणूस मिळणार नाही, वगैरे. शेठनी चारचौघांत त्याच्या पाठीवर डावा हात ठेवला. तो मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, आतून खूश असेल.

घरी मात्र सुकेशनीनं बोलणं टाकलं. भांडली नाही. भांडायला अंगात ताकद लागते. एकदाच विचारलं, ते मला नंतर कळलं. "एवडा काय भाव मागितला हो माझ्या लेकरानं?"

"लय मागितला," सिद्धोधन म्हणाला.

नवा सर्व्हर आला. दोन दारांची खोली झाली, नांदेडचे लोक येऊन सगळं बसवून गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला शेठनी इतर यंत्रांबरोबर त्यालाही नारळ फोडला. सिद्धोधननं फक्त एवढी विनंती केली की नारळ दाराबाहेर फोडा. त्याच्या पुढच्या आठवड्यात भूषण पुण्याहून गाडी घेऊन आला. आईला न्यायला. तिथं त्याच्या घराजवळच डायलिसिसची सोय होती, रेल्वे नाही, पिशवीवर बसणं नाही. नाही म्हणायला काही जागाच नव्हती.

मी निरोप द्यायला गेलो होतो. शेजारच्या बायांनी तिला धरून गाडीत बसवलं. तिचं सगळं वजन हातातल्या बांगड्यांत राहिलं होतं. ती सिद्धोधनला म्हणाली, "तुमी पन चला."

कापूस सुरू झाला होता. नवं मशीन, पहिला हंगाम, त्याच्याशिवाय ते कुणाला कळत नव्हतं. तो म्हणाला, "हंगाम होऊ दे. मंग येतो."

"करा तुमचा हंगाम," ती म्हणाली. एवढंच. भूषणनं काच वर केली. बापाशी तो एक शब्द बोलला नव्हता.

संक्रांत काही तिला बघायला मिळाली नाही. फोन आला तेव्हा सिद्धोधन काट्यावर होता. तो मिळेल त्या गाडीनं गेला, आणि पोचेपर्यंत पुण्यातल्या लोकांनी सगळी तयारी केली होती. भंतेजी आले होते, त्रिसरण-पंचशील झालं, सगळ्यांनी फुलं वाहिली. बापानं पोराकडं पाहिलं. पोरगा म्हणाला, "या, बसा." पाहुण्याला म्हणतात तसं. मग चारचौघांत, आवाज न चढवता, सांगितलं, "आई शेवटी विचारत होती, तुमी कदी येनार. मी म्हनलो, हंगाम चालूय. ती म्हनली, मंग त्यायला फोन करू नको, त्यायचं काम खोळंबंल."

तिच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर सिद्धोधन कामावर आला. मी म्हणालो, अरे, थोडे दिवस तरी राहायचं होतं पोराजवळ. तो टेबलाशी बसला आणि पासवर्ड टाकायला लागला. तीनदा चुकला. मग माझा तोल गेला. दुपारी काट्याजवळच्या लिंबाखाली त्याला ओढून नेलं आणि तोंडाला येईल ते बोललो. तुझ्या प्रामाणिकपणाला काय चाटायचं, असंही बोललो. तुझी बायको मरताना पोरगा जवळ होता आणि तू नव्हतास, कारण तुला शेठपुढं मोठं व्हायचं होतं.

तो लिंबाच्या बुंध्याला टेकला. मग म्हणाला, "त्यानं लय मागितलं न्हाई, मुनीमजी. लय कमी मागितलं."

मला कळलं नाही.

"मशीन घ्यायला जेवडे लागतेत, त्याच्या निम्म्यात तो करून द्यायला निघाला व्हता. पाच वर्सं. मीच सगळ्याचा हिशेब मांडलेला, मला पै-पै ठाऊक हाय. मी बोट वाडवून द्यायलो, तो परत पाडून मागायला. घेनारा वाडवतोय आन् देनारा पाडतोय, असा सौदा कुनी केला असंल का?" त्याचा आवाज फुटला. "त्याला फक्त घरी यायचं व्हतं. कंपनी इकून, मित्र सोडून, कायबी करून. आन् त्यात ते दंडाचं कलम. एका हंगामात मशीन बंद पडलं असतं तर पोरगं उठलं नसतं परत. ते कलम कुनी लिव्हलं? मी."

"मग वाढवलेल्या भावात द्यायचं होतंस," मी म्हणालो.

"त्याला परवडंल त्या भावाच्या खाली नांदेडवाले व्हते. शेठचा हात व्हतो ना मी. शेठचं कसं बुडवू?" त्यानं काट्याकडं पाहिलं. "तरी बुडवलंच. स्वस्तातला भाव मी सोडला. ते बी खरंच हाय."

मी विचारलं, गेटवर पोराला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, रुमालाखालचं बोलत नाहीत, हे एक झालं. पण बोललो असतो तर भूषण तसाच मागे फिरला असता आणि तोच आकडा शेठना तोंडानं सांगितला असता. शेठ कशाला नको म्हणतील? "आन् सुकेशनीला सांगितलं असतं तर? पोरगं माझ्यापायी सोताला मोडाय निघालं, हे घेऊन ती झोपली असती का एक दिवस? त्यापरीस माझ्यावर रुसलेली बरी."

मी खिशातून फोन काढला. भूषणचा नंबर माझ्याजवळ आहे, त्याच्या लग्नाचं बोलणं चालवायला मीच घेतला होता. म्हणालो, आता काम देऊन झालं, ती माउली गेली, आता कशाची भीती? मी सांगतो त्याला. मी काही रुमालाखाली नव्हतो.

सिद्धोधननं माझं मनगट धरलं. त्याच्या हाताला चांगलीच पकड आहे, हमालाचं पोर आहे शेवटी.

"न्हाई मुनीमजी. ऐका माझं. त्यानंच तिला सांगितलं, बाबानं परका निवडला. त्यानंच सांगितलं, हंगाम चालूय. ती ते ऐकून गेली. आता खरं कळलं तर तो तिला कुठं जाऊन सांगंल, की आई, तसं नव्हतं म्हनून? आत्ता त्याला राग धरायला मी हाव. मी बी नसलो तर तो सोतावर धरंल. आन् तो राग लय वाईट. मी धरून बसलोय ना, मला ठाऊक हाय."

काट्यावर गाडी आली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सिद्धोधननं तोंडावरून हात फिरवला आणि आत गेला. मी फोन खिशात ठेवला.

सर्व्हर उत्तम चालतो. तंतूचा कण आत जात नाही, मानवतचे आणि जालन्याचे लोक येऊन बघून जातात आणि सिद्धोधन त्यांना दोन्ही दारं उघडून दाखवतो. भूषणचाही धंदा पुण्यात चांगला चाललाय असं ऐकतो. कधी त्याचा मला फोन येतो. तब्येत विचारतो, बाजारभाव विचारतो, आणि बोलणं संपत आलं की थोडा थांबतो. मीही थांबतो. तो बापाचं नाव काढत नाही. सुकेशनीनं पांढरी करून घेतलेली मागची खोली सिद्धोधन रोज झाडतो. भूषण अजून सेलूला आलेला नाही.